दोन थिनर

भावाची नाडी बघायची ताईची पद्धत अशी होती, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई याला पोलिसात द्यायला निघाली आहे. मनगट घट्ट धरायचं, डोळे मिटायचे, भुवया आक्रसायच्या आणि मध्ये कुणी तोंड उघडलं की त्याच्यावर खेकसायचं. गॅरेजमधले मेकॅनिक तेवढ्यापुरते हातोडे खाली ठेवत. तिचा भाऊ एका हातात पॉलिश पेपर धरून गुपचूप उभा राही. त्याच्या कपाळावर, कानांवर, पापण्यांवर सुद्धा त्या दिवशीच्या गाडीचा रंग बसलेला असे.

"धडधडतंय का?"

"नाही गं ताई."

"खरं सांग."

"अगं, हात तू धरलायस. मला काय विचारतेस?"

ताई गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. वर्षानुवर्षं तो दाबून दाबून तिची खात्रीच झाली होती, की समोरचा माणूस आता कुठेतरी ठोकणार आहे आणि वेळेवर पाय मारायचा तो आपणच. दुसऱ्याच्या गाडीत बसली तरी तिचा उजवा पाय फरशी दाबत असे. दवाखान्याच्या बाकड्यावर बसली तरी तेच. तिच्याकडे शिकलेला एकही माणूस आजवर कुठे धडकला नव्हता. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गाडी चालवणंच सोडलं होतं, ही गोष्ट वेगळी.

भाऊ तिच्याहून बराच लहान. लहानपणी पिंट्या. मोठा होऊन गाड्या रंगवायला लागला, तेव्हा पिंट्याचा पेंटर व्हायला फारसे कष्ट पडले नाहीत. त्याची बायको बालवाडीत शिकवायची. तिथली पोरं तिला टीचर म्हणत, म्हणून गल्लीही टीचर म्हणे, आणि ताईही. तिघं एकाच रस्त्यावर राहत होती. रस्त्याच्या या टोकाला ताई एकटी, त्या टोकाला ती दोघं, आणि मधोमध गॅरेज.

वर्षभरापूर्वी एका सकाळी पेंटर बॉनेटवर रंग मारता मारता थांबला होता. स्प्रे गन खाली ठेवून छातीवर हात दाबत म्हणाला होता, "इंजिन मिसफायर मारतंय बहुतेक." सगळे हसले. मग त्याचा चेहरा बघून कुणी हसलं नाही.

हार्टचे डॉक्टर म्हातारे आणि शांत होते. कागदावर त्यांनी हृदय काढून दाखवलं. ते बटाट्यासारखं दिसत होतं. "या वरच्या कप्प्यांचा ठेका बिघडलाय," ते म्हणाले. "नीट दाबले जायच्या ऐवजी ते नुसते थरथरतात. त्यामुळे रक्त तिथे साचतं. साचलं की त्याची गुठळी होते. ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू." एवढं बोलून त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक ठोके ताब्यात ठेवायची. "आणि ही दुसरी रक्त पातळ करायची. सकाळ-संध्याकाळ. ही मात्र एकदाही चुकवायची नाही."

टीचरनं मान हलवली. पेंटरनं मान हलवली. ताईनं मात्र हलवली नाही.

कारण रक्त पातळ करायची गोळी तिच्या घरात येऊन गेली होती. तिचा नवरा ती घ्यायचा. एका संध्याकाळी दिवा बदलायला स्टुलावर चढला, पाय सटकला, डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. खोक नाही, रक्त नाही. उठून बसला, हसला, चहा कर म्हणाला. ताईनं चहा केला. चहा निवायच्या आत त्याला उलटी झाली आणि त्याचं बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं. डोक्यात आतल्या आत रक्त झालं होतं आणि गोळीमुळे ते थांबेना. ती चहा करत होती तेव्हाच त्याला उचलून न्यायला हवं होतं, असं पुढे तिला कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्यानं सहज सांगितलं. ताईच्या मनातून ते कधी गेलं नाही.

तेव्हापासून ही गोळी म्हणजे तिचा वैरी. तो वैरी आता भावाच्या घरात राहायला आला होता. सकाळ-संध्याकाळ.

दवाखान्यातून आल्या आल्या तिनं मोबाइल हातात घेतला आणि तो काही खाली ठेवला नाही. मोबाइलवर एक गोड आवाजाचे गृहस्थ होते. गोळ्यांशिवाय हृदय कसं सांभाळावं हे ते हसत हसत सांगायचे. निसर्गात सगळं आहे, म्हणायचे. ताईला हसून बोलणाऱ्या माणसांचा एरवी भरवसा वाटत नसे, पण बुडत्या माणसानं कुठे निवड करावी? केळी, पालक, बदाम, भोपळ्याच्या बिया, कारण ठोक्याला मॅग्नेशियम लागतं. मीठ कमी. कॉफी कमी. दारू बंद. रोज चालणं. शिवाय मॅग्नेशियमच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल आणि माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक गोळ्या. या शेवटच्या तिन्हींबद्दल ते गृहस्थ म्हणाले होते, "यांनी रक्त नैसर्गिकरीत्या पातळ राहतं." ताईनं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. तिला हवं होतं ते हेच.

आणि खरं सांगायचं तर फरक पडला. पेंटरनं शनिवारची बाटली सोडली, ही तर टीचरला लग्नापासून जमली नव्हती अशी गोष्ट. पोट उतरलं. रंग मारताना तोंडाला मास्क लावायला लागला. पहाटे ताई आणि तो फिरायला जात, आणि वाटेत ती दोनदा तरी त्याला थांबवून मनगट धरी. धडधड कमी झाली. मग महिनाभर आलीच नाही. टीचर कौतुकानं म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे माणसात आला हो हा." त्या रात्री ताईला किती तरी दिवसांनी गाढ झोप लागली.

मग पेंटरच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

दात घासताना थोडंसं. पॉलिश पेपर लागून बोट खरचटलं तर ते थांबता थांबेना. दंडावर निळा डाग. त्यानं तो टीचरला दाखवला नाही, ताईला दाखवला. गॅरेजच्या मागच्या बाजूला, रंगाच्या डब्यांपाशी, बाही वर करून.

ताईनं त्याची बाही खाली ओढली. "डॉक्टरांना सांगू या."

"डॉक्टर काय म्हणणार? कॅप्सूल बंद करा म्हणणार." पेंटर डब्यातला रंग काठीनं ढवळत होता. "आणि कॅप्सूलनंच तर मला बरं वाटतंय."

"मग?"

"मग साधं आहे." त्यानं काठी वर उचलली. रंगाची तार लांबत खाली आली. "हे बघ. रंग असा पाहिजे. घट्ट असेल तर गन तुंबते, म्हणून थिनर घालायचं. पण एकानं घातलंय हे माहीत नसताना दुसऱ्यानं परत घातलं की झालं. रंग धरतच नाही. ओघळतो. माझं तेच झालंय ताई. डॉक्टरनं एक थिनर दिलंय, तू एक दिलंयस. दोन थिनर कशाला? एक बंद करायचं."

"कुठलं?"

तो ढवळत राहिला. ताईनं त्या निळ्या डागाकडे बघितलं आणि तिला तो डाग दिसेना, दाराची चौकट दिसायला लागली.

"गोळी," ती म्हणाली. "ती गोळी बंद कर."

"टीचरला सांगू?"

"नको. ती आकांडतांडव करेल. आधी बरं वाटू दे, मग सांगू."

आता इतकं समजुतीचं बोलणं ऐकून कुणाला शंका यावी? रंगाच्या बाबतीत पेंटरचा शब्द अख्ख्या बाजारात कुणी खोडत नसे. रक्तही लाल आणि रंगही लाल. डॉक्टर स्वतःच म्हणाले होते पातळ करायची गोळी, आणि पातळ म्हणजे काय हे त्या दोघा बहीणभावांना जन्मापासून माहीत होतं. आठवड्याभरात हिरड्यांचं रक्त थांबलं, डागही पुसट झाला. हिशेब बरोबर निघाला, असं दोघांनाही वाटलं.

पण ताईची झोप मात्र परत उडाली.

कारण टीचर. बालवाडीची बाई ती. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला एका हातात, गोळी दुसऱ्या हातात, आणि नवरा समोर बसलेला. "आ कर." तो आ करायचा. गोळी जिभेवर. पाणी. "शाब्बास." मग ती आत वळली, की तो गोळी गालातून काढून मुठीत घ्यायचा आणि गॅरेजच्या वाटेवरच्या गटारात टाकायचा. एका रविवारी संध्याकाळी ताई जेवायला गेली असताना हे तिच्या डोळ्यांदेखत झालं. टीचर आतून ओरडून सांगत होती, "ताई, एकदासुद्धा चुकवत नाही हो! मुलांपेक्षा शहाणा." आणि पेंटरनं मूठ मिटून ताईकडे बघत डोळा मारला.

ताईला हसू आलं नाही.

तिनं कितीदा तरी ठरवलं, आज टीचरला सांगायचंच. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि "मीठ संपलंय का बघायला आले" असं काहीतरी वेड्यासारखं बोलून परतली. सांगितलं तर टीचर गोळी सुरू करणार. सुरू केली की परत चौकट, परत स्टूल, परत न दिसणारी जखम. नाही सांगितलं तर? मनगट धरलं की ठोके सरळ लागायचे. मग ती स्वतःची समजूत घालायची की ठोका सरळ आहे तर गुठळी कुठून होणार. पण दिवसातून दहा वेळा समजूत घालावी लागते, ती समजूत नसतेच. गाडी शिकवताना समोर मांजर आलं तरी तिचा पाय असा बसायचा, की शिकणारी पोरगी काचेवर आपटता आपटता वाचायची.

फोन आला तेव्हा ती अशाच एका मुलीला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. गॅरेजचा मालक होता. "ताई, लवकर या. पेंटर नीट बोलत नाहीये."

"म्हणजे?"

"हातातली गन पडली. आम्ही विचारलं काय झालं, तर काहीतरी भलतंच बोलतोय. तोंड वाकडं झालंय. आत्ता, पाच मिनिटंही झाली नाहीत."

ताईनं चहा केला नाही. या वेळी तिनं कशालाच वेळ लावला नाही. शिकणाऱ्या मुलीला रस्त्यावर उतरवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली, गॅरेजपुढे करकचून थांबली, दोन मेकॅनिकांनी पेंटरला मागच्या सीटवर आणून ठेवलं, आणि ज्या बाईनं लोकांना जन्मभर हळू चालवायला शिकवलं, ती सिग्नल तोडत हॉस्पिटलच्या दारात पोचली. वाटेत तिनं आरशात बघितलं. पेंटरच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. हाच शब्द तिच्या मनात आला आणि तिला रडू फुटलं.

बालवाडी जवळच होती. टीचर पळत आली. पदराला खडूचे हात पुसलेले, चप्पल एकाच पायात.

तातडीच्या विभागातली डॉक्टर तरुण होती, भराभर बोलणारी. मेंदूचा फोटो काढून झाला होता. "रक्तस्राव नाही. गुठळी अडकली आहे. तुम्ही वेळेत आणलंत. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते जितकं लवकर तितकं बरं. आता नीट आठवून सांगा. यांना ठोक्याचा त्रास आहे म्हणालात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?"

"हो," टीचर म्हणाली. "कधीच चुकली नाही."

डॉक्टरचा चेहरा उतरला. "शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी. मी माझ्या हातानं दिली."

"मग हे इंजेक्शन देता येणार नाही. गोळीचा असर शरीरात असताना दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल. त्या गोळीचा असर मोजायची तपासणी इथे लगेच होत नाही. आपण दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला विचारतो, पण तिथे पोचेपर्यंत..." तिनं वाक्य पुरं केलं नाही आणि फोनकडे वळली.

ताई पडद्याला धरून उभी होती. तिचा पाय खाली फरशी दाबत होता आणि काहीच थांबत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की या खोलीत एकच माणूस खरं सांगू शकतो आणि त्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली आहे. बोललं तर टीचर जन्मात तोंड बघणार नाही. हे एक. पण त्याहून मोठी भीती निराळीच होती. बोललं तर ते इंजेक्शन देणार, आणि त्यानं मेंदूत रक्त झालं तर? म्हणजे गप्प राहिलं तर त्याला गुठळीनं मारायचं, बोललं तर रक्तानं.

"घेतली नाही," ती म्हणाली.

आवाज इतका लहान आला की कुणी वळलंच नाही. तिनं घसा खाकरला आणि ओरडलीच, "डॉक्टर, त्यानं गोळी घेतली नाहीये!"

टीचर वळली. "ताई, काय बोलताय? माझ्यासमोर गिळली त्यानं."

"गिळली नाही गं. गालात धरतो. तू आत गेलीस की टाकून देतो. महिना होत आला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच सांगितलं होतं."

टीचरचं तोंड नुसतं उघडं राहिलं. डॉक्टरनं फोन खाली ठेवला आणि एकीकडून दुसरीकडे बघितलं. "मला नक्की कळायला हवं. एक म्हणतेय सकाळी दिली, एक म्हणतेय महिनाभर नाही. चूक झाली तर हे जातील." ती पलंगावर वाकली. "ऐकू येतंय ना तुम्हाला? बोलू नका. गोळी घेत नसाल तर डावा हात वर करा."

पेंटरचे डोळे उघडे होते. डावा हात चादरीवर पडून होता. हलला नाही.

"बघा," टीचर म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका होती.

पण पेंटर डॉक्टरकडे बघतच नव्हता. तो ताईकडे बघत होता. ताईनं ती नजर ओळखली. काच फोडली त्या दिवशी, शाळा बुडवली त्या दिवशी, आईसमोर उभा राहून तो असाच तिच्याकडे बघायचा: सांगू का गं? तू अडकशील, सांगू का? अर्धं अंग गेलं होतं, जीभ गेली होती, आणि हा माणूस अजून तिचं गुपित राखत होता.

"अरे वेड्या, मी सांगितलंय त्यांना," ती त्याच्या तोंडाजवळ जाऊन म्हणाली. "सगळं सांगितलंय. माझं नाव सांगितलंय. आता लपवायचं काही राहिलं नाही. गोळी घेत नव्हतास ना? कर हात वर. माझं ऐक, पिंट्या. शेवटचं ऐक."

डावा हात वर आला. चांगला उंच आला आणि तसाच राहिला, खाली घे म्हणेपर्यंत.

मग सगळं फार भराभर झालं. गोळीच्या बदल्यात काय घेत होता हे डॉक्टरनं विचारलं, ताईनं लसूण, हळद, माशाचं तेल, सगळं सांगितलं. डॉक्टरनं कपाळाला आठी घातली. "त्यामुळे इंजेक्शन अडत नाही. पण मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. हे इंजेक्शन देऊनही थोड्या जणांना मेंदूत रक्तस्राव होतो. थोड्यांनाच. नाही दिलं तर हात आणि बोलणं परत येईलच असं सांगता येत नाही. सही कोण करतंय?"

टीचरनं पेन घेतलं आणि ताईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "सांगा ना," ती म्हणाली. "इतके दिवस तुम्हीच ठरवत होतात. देऊ की नको?"

ताई कुठल्याही प्रश्नाला उत्तर नाही असं कधी करत नसे. नाव माहीत नसलेल्या गावाचा रस्तासुद्धा सांगायची ती. आता तिच्या तोंडून शब्द आले ते असे: "मला नाही माहीत गं. मला खरंच काही माहीत नाही."

टीचरनं सही केली.

बाहेरच्या बाकड्यावर दोघी बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आतून कुणी बाहेर आलं की ताई उठून उभी राहायची. रक्त झालं असेल. आता सांगतील, रक्त झालं. तिनं ते इतक्या वेळा मनात ऐकलं, की डॉक्टर खरंच समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिला आधी काही ऐकूच आलं नाही.

"उजवी बोटं हलवतायत," डॉक्टर म्हणत होती. "बोलणं अजून नाही. पण बोटं हलली."

टीचर उठून आत गेली. ताईला ये म्हणाली नाही.

पुढच्या दिवसांत हार्टचे म्हातारे डॉक्टर येऊन बघून गेले. ताईला बाजूला घेऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं, न रागावता. चालणं, मीठ कमी, दारू बंद, भाज्या, हे सगळं उत्तम म्हणाले. त्यानं ठोका खरंच सुधारला असेल, तेवढं सोडू नका. पण माशाच्या तेलाच्या गोळ्या फार घेतल्या तर काही जणांचा ठोका उलट बिघडतो. आणि ठोका सुधारला म्हणजे गुठळीची भीती गेली असं होत नाही. कित्येकदा ठोका चुकतो आणि माणसाला कळतही नाही, मनगट धरणाऱ्यालाही नाही. तुमच्या कॅप्सूल या गोळीचं काम करत नाहीत. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्त तेवढं जास्त जातं. हिरड्यांचं त्याच दिवशी मला येऊन सांगायला हवं होतं.

"आणि या गोळीनं रक्त पातळ होत नाही हो," ते म्हणाले. "पाणी घातल्यासारखं काही होत नाही. रक्त आहे तेवढंच दाट राहतं. फक्त त्याची गुठळी होऊ देत नाही ती."

"मग पातळ का म्हणता?" ताईनं विचारलं.

"सगळेच म्हणतात," ते म्हणाले. "सोपं पडतं सांगायला."

पेंटर घरी आला. उजवा हात चालू लागला, गन धरण्याइतका नाही, पण चमचा धरण्याइतका. बोलणं तुटक. शब्द शोधावा लागे, आणि शोधून भलताच सापडे. पाणी मागायचं तर शिडी म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा. हे सगळं ताईला गॅरेजमधल्या लोकांकडून कळत होतं. टीचरनं तिला दार बंद केलं नव्हतं, पण उघडलंही नव्हतं. ताई आपल्या टोकाला बसून होती. रिकाम्या वेळेत तिला स्वतःचेच ठोके ऐकू यायचे.

मग एका संध्याकाळी टीचर स्वतः आली. आत आली नाही. उंबऱ्यापाशीच उभी राहून म्हणाली, "डॉक्टरांनी उद्यापासून गोळी परत सुरू करायला सांगितलीय. सकाळ-संध्याकाळ तुम्ही यायचं. तुम्ही द्यायची."

"मी?" ताई एक पाऊल मागे सरली. "ती गोळी? अगं, तुला माहीत आहे ना, माझ्या घरात..."

"माहीत आहे. म्हणूनच." टीचरचा आवाज आता मात्र फाटला. "माझ्या हातची त्यानं रोज थुंकली, ताई. रोज शाब्बास म्हणत होते मी. तुमच्या शब्दावर बंद केली ना, मग तुमच्याच शब्दावर सुरू करू दे. तुमच्याशिवाय तो कुणाचं ऐकतो?"

सकाळी ताई गेली. पेंटर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, दाढी केलेला, कानामागे कुठेही रंग नाही. तो असा स्वच्छ ताईनं कधी पाहिलाच नव्हता, आणि ते बघून तिला भडभडून आलं. टीचर पेला घेऊन बाजूला उभी राहिली. गोळी ताईच्या तळहातावर. एवढीशी. पडला तर, आपटला तर, डोक्याला लागलं तर. सगळे 'तर' रांगेनं तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आ कर," ती म्हणाली.

पेंटरनं आ केला नाही. तो शब्द शोधत होता. बराच वेळ लागला. "ताई. मला... भीती वाटायची."

"कधी?"

"पहिल्या... पहिल्यापासून. गोळी टाकली... तेव्हापण. रोज."

"मग बोलला का नाहीस रे? टाकलीस कशाला? रंग-थिनर काय सांगत बसलास मला?"

त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, जसं ती त्याचं धरायची. "तू... घाबरली होतीस. गोळी बंद... म्हणजे तू... जरा..." पुढचा शब्द सापडेना. त्यानं डोळे मिटून, मान कलती करून झोपल्याचं दाखवलं.

टीचरनं तोंड फिरवलं. ताईनं आपलं मनगट सोडवून घेतलं.

"ती मी अजून घाबरलेलीच आहे," ती म्हणाली. "आणि आता कायमची राहणार आहे. माझ्या झोपेची काळजी तू करायची नाहीस. आ कर."

त्यानं आ केला. तिनं गोळी जिभेवर ठेवली, टीचरनं पेला दिला, तो पाणी प्यायला.

"गाल दाखव," ताई म्हणाली. "दुसरा. जीभ वर कर."

त्यानं जीभ वर केली. तिनं डोळ्यांतलं पाणी पुसून वाकून नीट बघितलं, आणि मग टीचरलाही बघायला लावलं.